तिसऱ्या महिन्यातलं कार्ड

माझा भाऊ आज बेचाळीस वर्षांचा आहे आणि साठीचा दिसतो. खालचे पुढचे चार दात गेलेत, उरलेले हलतात. गेल्या महिन्यात तो एका गोदामाच्या फाटकावर बसायचा, या महिन्यात कुठे बसतो ते मला माहीत नाही. भेटला की "ताई, आता सोडलंय" म्हणतो, आणि म्हणतानाच जबडा असा फिरवत राहतो की मला पुढे काही विचारावं लागत नाही. मी त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. आता जे सांगणार आहे ते बहिणीने भावाबद्दल सांगू नये असं पुष्कळांना वाटेल. वाटू दे. आमच्या घरात पोट साफ झालं का, एवढं विचारतानासुद्धा आई आवाज खाली आणायची. मी त्याच घरात वाढले, त्यामुळे मलाही लाज वाटतेच, पण आता लाज बाळगून वाचवण्यासारखं काही राहिलेलं नाही.

आम्ही दोघं एकाच कारखान्यात होतो. कारखाना म्हणजे पत्र्याच्या दोन शेड आणि मध्ये यार्ड. गॅसच्या जुन्या टाक्या तिथे तपासणीला येत. टाकीची झडप काढायची, आत पाणी भरायचं, पंपाने दाब चढवायचा आणि मिनिटभर मापकाच्या काट्याकडे बघत उभं राहायचं. काटा जागचा हलला नाही तर टाकी पास. हलला तर बाद, तिला भोकं पाडून भंगारात. पास झालेल्या टाकीच्या गळ्यावर हातोडीने तारीख ठोकायची. त्या तारखेपासून पाच वर्षं तिला कुणी विचारत नाही. पंपावर भाऊ असायचा, आणि काचेच्या खोलीत प्रमाणपत्रं करायला मी. टाकीचा नंबर, वजन, तारीख, सही, शिक्का. एखाद्या कागदावर नुसती सहीची आद्याक्षरं राहिली तरी मी तो परत पाठवायची. यार्डातले लोक मला पाठीमागे काय म्हणायचे ते मला ठाऊक आहे, आणि ते काही फारसं चुकीचं नव्हतं.

त्याला मात्र सगळे तोंडावरच "काटा" म्हणायचे. एक तर तो तसाच उभा आणि सडसडीत. दुसरं म्हणजे मापकावर केसाएवढी हालचाल झाली तरी त्याला दिसायची. एकदा मालक स्वतः चष्मा लावून बघायला आला. "कुठे हललाय रे? मला तर काही दिसत नाही," म्हणाला. भावाने टाकी बाद केली ती केलीच. दुसऱ्या दिवशी सकाळी ती टाकी बुडाशी ओली सापडली. त्यानंतर मालक त्याच्याशी वाद घालत नसे. मला त्याचा इतका अभिमान होता की मी ती गोष्ट ओळखीच्या प्रत्येकाला दोनदा तरी ऐकवली असेल.

भावजय चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवायची. तीही तशीच बारकाईची. दोघांचं जमायचं छान. फक्त लग्नाला सहा वर्षं होऊन घरात मूल नव्हतं आणि त्यावर दोघंही बोलत नसत. मी तर नाहीच.

पंपावरचे दोघे जण एकदम सोडून गेले आणि त्याच्यावर दुहेरी पाळी आली. सोळा सोळा तास. तेराव्या-चौदाव्या तासाला त्याला काटा दिसेनासा व्हायचा. त्याची भीती एवढीच होती की आपल्या हातून फुटकी टाकी पास होईल, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जाईल आणि तिथे कुणी तरी मरेल. म्हणजे बघा, पोरगं बिघडलं ते इमानदारीपायी. टाक्या आणणारा एक ट्रकवाला होता. त्याने त्याला काचेची नळी दिली आणि म्हणाला, "ए काट्या, हे ओढ, दोन दिवस पापणी लवणार नाही." यार्डात त्याला "खडा" म्हणत. खरं नाव मेथॅम्फेटामाइन, ते मी पुढे दवाखान्यात ऐकलं. मी त्या ट्रकवाल्याला आजही शिव्या देते, पण खरं सांगायचं तर त्याने सक्ती केली नव्हती.

पहिले काही महिने सगळं झकास दिसत होतं. काटा सोळा तास उभा, एकही टाकी चुकली नाही. घरी जाऊन पुन्हा कपाटं आवरायचा, बाथरूमच्या फरशा दात घासायच्या ब्रशने घासायचा. एका दुपारी भावजय माझ्याकडे आली, तोंडावर हात धरून हसली आणि म्हणाली, "ताई, तुमच्या भावाला झालंय तरी काय? नवं लग्न झाल्यासारखा मागे लागतो." मी म्हटलं, "तरीच तुझं वजन उतरतंय!" आम्ही दोघी हसलो. दीड महिन्याने ती पुन्हा आली तेव्हा हसत नव्हती. कप धुता धुता माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "तास न् तास थांबतच नाही तो. मला सोलवटल्यासारखं झालंय. लघवीला बसले की डोळ्यांत पाणी येतं." मी म्हटलं, "त्याला सांग की मग." आणि टीव्हीचा आवाज वाढवला. माझ्याकडे मलम मागायला आलेली बाई मी टीव्हीसमोर बसवली.

पुढच्याच महिन्यात तिला दिवस राहिले. मग तर मी सगळं विसरूनच गेले. भाऊ यार्डात नाचला. तिसऱ्या महिन्यात तिचं प्रसूतिगृहात नाव घातलं, रक्त तपासलं. एक पिवळं कार्ड मिळालं, त्यावर सगळ्या तपासण्या ओळीने लिहिलेल्या, प्रत्येकीपुढे "निगेटिव्ह", खाली तारीख आणि जांभळा शिक्का. भावाने ते मला दाखवायला कारखान्यात आणलं होतं. "बघ ताई, तुझ्यापेक्षा सुबक काम," म्हणाला.

त्या सुमारास त्याच्या शरीराने पाठ फिरवली होती, ते मला पुष्कळ नंतर कळलं. आधी खड्याने जे वाढवलं, तेच खड्याने संपवलं. बायकोजवळ गेलं की काही होत नसे. गरोदरपणाचं निमित्त सापडलं म्हणून तो बाहेरच्या खोलीत झोपू लागला, तिलाही वाटलं की काळजी घेतोय. तो मात्र औषधांच्या दुकानातून ताकदीच्या गोळ्या आणून, त्या खड्यावर गिळून, आपण अजून पुरुष आहोत की नाही ते तपासत हिंडत होता. ट्रकवाल्याच्या ओळखीच्या एका लॉजवर खोली असायची. तिथे चार-सहा जण, बायका, पुरुष, सगळे खड्यावर. कोण कोणाबरोबर, किती वेळ, कशाची शुद्ध नाही. निरोध टेबलावर पडलेले असत, त्यांना कुणी हात लावत नसे. मापकावर केसाएवढं काही हललं तरी ज्याला दिसायचं, त्याला तिथल्या एकाही माणसाचा चेहरा आठवत नव्हता.

चौथा महिना संपता संपता त्याला तिथे, जागेवर, एक फोड आला. वाटाण्याएवढा, कडक. दुखत नव्हता. दुखत नाही म्हणून त्याने दाखवला नाही, आणि तीन आठवड्यांत तो आपोआप गेला. त्याने त्यावर कारखान्यातलं ग्रीस लावलं होतं आणि ग्रीसनेच बरं झालं असं तो मानून चालला होता. हसू येतं ना? मलाही येतं, आणि मग स्वतःचाच राग येतो.

सहाव्या महिन्यात मी त्याचे तळहात पाहिले. कागदावर सही करायला तो खिडकीशी आला होता. दोन्ही तळव्यांवर तांब्याच्या रंगाचे डाग. खाज नाही, आग नाही. मी म्हटलं, "रंगाचा थिनर लागला असेल." तो म्हणाला, "तळपायांवर पण आहेत." थिनर तळपायाला कसा लागेल? त्याचं वजन उतरलं होतं, केस झडत होते. मी दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि त्याला दंडाला धरून सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाई तरुण होत्या, आणि आवाज खाली न आणता बोलणाऱ्या होत्या. मला बाहेर थांबायला सांगत होत्या, तर हाच म्हणाला, "ताईला राहू द्या." तो घाबरला होता. त्यांनी प्रश्न विचारले आणि त्याने, भिंतीकडे बघत, उत्तरं दिली. वर मी जे जे लिहिलं ते सगळं मी त्या स्टुलावर बसून ऐकलं. शेवटी तो म्हणाला, "डोक्यात सगळं पेटलेलं असतं हो, आणि खाली मेलेलं."

"ते तसंच होतं," बाई म्हणाल्या. "याने इच्छा भडकते, पण रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून शरीर साथ देत नाही. आणि जेव्हा देतं तेव्हा थांबायचं भान नसतं. कातडी कोरडी पडते, सोलली जाते, तिथून आजार आत जातो. त्यावर तुम्ही त्या गोळ्या घेता. एखाद्या दिवशी हृदय बंद पडेल, कळलं का?"

रक्ताचा निकाल दुपारी आला. सिफिलिस. जुनी माणसं ज्याला गरमी म्हणायची ती. एचआयव्हीची तपासणी तेव्हा तरी ठीक निघाली, पण तीन महिन्यांनी परत या म्हणाल्या. दोन्ही बाजूंना कुल्ल्यात पेनिसिलिनची सुई दिली. मग त्यांनी एक चिठ्ठी लिहून त्याच्या हातात दिली आणि बोट टेबलावर आपटून म्हणाल्या, "बायको गरोदर आहे ना? तिला याच आठवड्यात घेऊन या. तिला असेल तर पोटातल्या बाळाला जातं. बाळ पोटातच दगावतं. वेळेत सुया दिल्या तर बहुतेक वाचतं. याच आठवड्यात, समजलं?" त्याने मान डोलावली. खाली नोंदणीच्या खिडकीवर त्याने बंद पडलेला फोन नंबर लिहून दिला, तेही मी पाहिलं. मला वाटलं, लाजेने देतोय, देऊ दे.

आम्ही दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसलो. उन्हात त्याचा चेहरा मातीसारखा दिसत होता. मी म्हटलं, "तिला सांगायला हवं."

"काय सांगू? लॉजचं सांगू?" त्याने खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून चार घड्या घातलेलं पिवळं कार्ड. प्रसूतिगृहाने त्याच्या दोन प्रती दिलेल्या, त्यातली एक तो जवळ बाळगायचा. "हे बघ. ही ओळ. सिफिलिस, निगेटिव्ह. तारीख आहे, शिक्का आहे. तिची तपासणी झालेली आहे, ताई."

"पण ही तिसऱ्या महिन्यातली."

"त्याच्यानंतर मी तिच्याजवळ गेलोच नाही. जमतच नाही मला, तू आत ऐकलंस ना? मग तिला होईल कुठून?"

मी कार्ड हातात घेतलं. शिक्का सरळ होता. सही पूर्ण होती. तारीख सुवाच्य. बावीस वर्षं मी असेच कागद बघत आले. असा कागद हातात आला की माझा हात आपोआप तो पास केलेल्या गठ्ठ्यात ठेवतो. आमच्या प्रत्येक प्रमाणपत्रामागे बारीक अक्षरांत एक नियम छापलेला असतो. टाकी आगीत सापडली किंवा उंचावरून पडली, तर तारीख कालची का असेना, ती परत तपासायची. तो नियम मला झोपेतही म्हणता येतो. त्या बाकावर तो आठवला नाही असं मी म्हणणार नाही. आठवला, आणि मी तो बाजूला सारला. कारण तो मानला असता तर मला त्याला विचारावं लागलं असतं, की नक्की का? एकदाही नाही का? गोळी घेऊनसुद्धा नाही? धाकट्या भावाला हे दुसऱ्यांदा विचारायला माझी जीभ उचलली नाही. तो म्हणाला जमत नाही, आणि मी सुटले. त्याचं ते दुःख मला त्या क्षणी सोयीचं वाटलं, हे मी इथे कबूल करते.

"बरं," मी म्हटलं. "पण तिच्याजवळ जाऊ नकोस. आणि ते ओढणं बंद."

"बंद म्हणजे बंद," तो म्हणाला. त्याने डॉक्टरबाईंची चिठ्ठी कार्डाच्या घडीत घातली. ते पाकीट मी पुढे बारा दिवसांनी पंपाच्या खोलीत पाहिलं, त्यातल्या चिठ्ठीची त्याने खडा ओढायला सुरळी केली होती.

दवाखान्यानंतरच्या रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेले. भावजयीचं पोट चांगलंच दिसू लागलं होतं. ती बाळाच्या हालचालींचं सांगत होती, उजवीकडेच लाथा मारतो म्हणाली, माझा हात धरून तिथे ठेवला. मला लाथ लागली. मी हात काढून घेतला. मग तिने विचारलं, "ताई, यांच्या हातांना काय झालंय हो? मला काही सांगत नाहीत." भाऊ ताटात बघत होता. मी म्हटलं, "रंगाची अ‍ॅलर्जी. कारखान्यात दोघा-तिघांना झालीय." ती म्हणाली, "मग हातमोजे का नाही देत मालक?" मी म्हटलं, "बोलते मी मालकाशी." इतकं सहज खोटं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

पुढे दोन महिने मी रोज तिच्या घरावरून गेले. भाऊ पंपावर डुलक्या काढू लागला, मग एक आठवडा आलाच नाही, मग मालकाने त्याला काढला. काढताना मालक रडला. भावाच्या हातून एक टाकी गळती असताना पास झाली होती, सुदैवाने गोदामातच सापडली. तिचं प्रमाणपत्र मीच केलेलं होतं.

आठव्या महिन्यात एका सकाळी भावजयीने मला निरोप पाठवला की कालपासून लाथ नाही. मी तिला रिक्षाने प्रसूतिगृहात घेऊन गेले. डॉक्टरांनी पोटावर यंत्र फिरवलं, परत फिरवलं, मग यंत्राचा आवाज बंद केला. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा झाला. पूर्ण होता. नखं होती. पोट मात्र फुगलेलं आणि कातडी तळव्यांवर सुटलेली. भाऊ आला नाही. तो कुठे होता ते आजही त्याला सांगता येत नाही.

तिचं रक्त परत तपासलं. दोन दिवसांनी संध्याकाळी मोठे डॉक्टर तिच्या खाटेशी आले आणि विचारलं, "नवऱ्याला काही आजार? अंगावर डाग, जागेवर फोड?" तिने माझ्याकडे पाहिलं. तिला अजूनही वाटत होतं की मी "नाही" म्हणेन. मी सगळं सांगितलं. खडा, लॉज, सुया, चिठ्ठी. डॉक्टर लिहीत गेले. तिला तीन आठवडे सुया घ्याव्या लागतील, एचआयव्ही नाही, पुढे मूल होऊ शकेल, एवढं सांगून ते गेले. पलीकडच्या खाटेवर कुणाचं तरी बाळ रडत होतं आणि त्याची आजी त्याला ओरडत होती.

भावजय छताकडे बघत म्हणाली, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"दोन महिने."

"म्हणजे जेवायला आलात तेव्हा."

"हो. तुझी तपासणी झालेली होती गं. कार्डावर शिक्का होता. आणि तो म्हणाला, तुझ्याजवळ येतच नाही. मी त्याच्यावर विश्वास..." माझा आवाज खाली आला. आईसारखाच.

तिने हात वर करून मला थांबवलं. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने चादर छातीपर्यंत ओढली, दूध आलेलं होतं आणि कपडे भिजत होते. माझ्याकडे न बघता, रोज दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावं तशा आवाजात ती बोलली.

"मला विचारायचं होतंत, ताई. मी सांगितलं असतं. आला होता तो. पाचव्या महिन्यात, दोनदा. रडत होता, माफ कर म्हणत होता. आणि मला वाटलं, चला, माणसात येतोय हळूहळू. इतकं बरं वाटलं मला. दुसऱ्या दिवशी दुकानातल्या बाई विचारत होत्या, आज एवढी खुशीत का गं?"